जठराच्या खिडकीशी : डॉ. विल्यम बोमाँट

जेवताना आपण घास चावतो, गिळतो, आणि तो घशाखाली उतरला की आपल्या लेखी संपतो. पुढे त्याचे रक्त होते, मांस होते, बळ होते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत; पण ते होते कसे, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याचा योग कोणाच्या वाट्याला यावा? आपल्या पूर्वजांनी पोटात अग्नी वसतो असे मानले आणि त्याला जठराग्नी हे नाव दिले. भूक लागली की पोटात आग पडली, असे आपण अजूनही म्हणतो. युरोपातील विद्वानांतही अठराव्या शतकापर्यंत याबाबत एकमत नव्हते. कोणी म्हणे, जठर हे जाते आहे, ते अन्न दळते. कोणी म्हणे, ती चुलीवरची हंडी आहे, तीत अन्न शिजते. आणखी कोणाच्या मते तेथे अन्न आपल्याकडच्या सान्नांच्या पिठासारखे नुसते आंबत पडते.

या वादात पहिला खरा उजेड पाडला तो दोन धाडसी संशोधकांनी. रेओम्युर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1752 साली धातूच्या छोट्या नळीत मांसाचा तुकडा भरून ती आपल्या पाळीव शिकारी पक्ष्याला गिळायला लावली. पक्ष्याने नळी ओकून टाकली तेव्हा आतले मांस विरू लागलेले होते. नळीच्या आत दळले जाणे तर शक्यच नव्हते. इटलीतील स्पालांझानी याच्याही पुढे गेला. कापडाच्या लहान पिशव्यांत पाव आणि मांस शिवून त्या त्याने स्वतःच गिळल्या! जठरात काही विरघळवणारा रस आहे, एवढे या प्रयोगांवरून दिसून आले. परंतु जिवंत माणसाच्या जठरात तो रस केव्हा सुटतो, कसा सुटतो, कोणत्या अन्नावर कसा चालतो, हे पाहिलेले कोणीच नव्हते. ते ज्याने पाहिले तो कोणी मोठा प्राध्यापक नव्हता. सरहद्दीवरच्या एका दूरच्या किल्ल्यात नेमणूक झालेला तो एक साधा लष्करी डॉक्टर होता. विल्यम बोमाँट हे त्याचे नाव.

बोमाँटचा जन्म अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात लेबनन या गावी 21 नोव्हेंबर 1785 रोजी एका शेतकऱ्याच्या घरी झाला. शेतीत त्याचे मन रमेना. वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, एक घोडा, बर्फावरून चालणारी घसरगाडी, सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचे एक पिंप आणि शंभर डॉलर एवढ्या शिदोरीवर तो घराबाहेर पडला. उत्तरेस कॅनडाच्या सीमेजवळ शँप्लेन नावाच्या खेड्यात त्याने तीन वर्षे शाळामास्तरकी केली. (आमच्या पेशातला हा मनुष्य पुढे एवढा मोठा झाला, याचा मला थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करतो.) मुलांना शिकवता शिकवता तो उसने आणलेले वैद्यकाचे ग्रंथ वाचू लागला. त्या काळी वैद्यकाच्या महाविद्यालयात न जाताही डॉक्टर होता येत असे; एखाद्या अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागे. व्हरमाँट संस्थानात सेंट ऑल्बन्स येथे डॉ. बेंजामिन चँडलर यांच्याजवळ राहून बोमाँटने औषधे कुटली, जखमा बांधल्या, रोग्यांच्या उशाशी रात्री जागवल्या. गुरूच्या घरी त्याला एक सवय जडली, ती म्हणजे जे दिसेल ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवण्याची. या सवयीचे मोल पुढे कळून आले.

1812 साली त्याला वैद्यकी करण्याचा परवाना मिळाला आणि त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध पेटले. बोमाँट सैन्यात शिरला. 1813 च्या एप्रिलमध्ये यॉर्क या गावी, म्हणजे आजच्या टोरांटोत, दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन शेकडो सैनिक घायाळ झाले, तेव्हा त्याने अहोरात्र हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. युद्धानंतर काही वर्षे खाजगी व्यवसाय करून तो पुन्हा लष्करात आला, आणि 1820 साली त्याची नेमणूक मॅकिनॉ बेटावरच्या किल्ल्यात झाली.

ह्यूरन आणि मिशिगन या दोन अफाट सरोवरांच्या संगमावरचे हे बेट. हिवाळ्यात ते बर्फाने जगापासून तुटून जाई. उन्हाळ्यात मात्र तेथे जत्रा भरे. रानावनांतून बीव्हर आदी प्राण्यांची केसाळ कातडी घेऊन शिकारी, आदिवासी आणि फ्रेंच बोलणारे कॅनडातील नावाडी होड्या भरभरून तेथे येत, कारण अमेरिकन फर कंपनीची मोठी वखार त्या बेटावर होती. आसपास शेकडो मैलांत डॉक्टर म्हणून काय तो बोमाँट.

6 जून 1822 च्या सकाळी त्या वखारीच्या दुकानात गर्दी असताना कोणाच्या तरी हातातली बंदूक चुकून उडाली. जेमतेम हातभर अंतरावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा विशीतला नावाडी उभा होता. छऱ्यांचा सगळा बार त्याच्या डाव्या छातीखाली बसला. बोमाँट धावत आला तेव्हा जखमेतून भाजलेल्या फुप्फुसाचा अंड्याएवढा भाग बाहेर आलेला होता. त्याच्या खाली जठरालाही बोट जाईल एवढे भोक पडले होते, आणि सकाळी खाल्लेली न्याहारी त्यातून बाहेर सांडत होती. मोडलेल्या बरगडीच्या टोकाला फुप्फुस अडकले होते. बोमाँटने खिशातल्या चाकूने ते टोक छाटले आणि फुप्फुस आत ढकलले. हा मुलगा छत्तीस तासही काढणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

अंदाज चुकला. पहिले सतरा दिवस खाल्लेले सारे भोकातून बाहेर पडे, म्हणून बस्तीवाटे पोषक द्रव देऊन त्याला जगवावे लागले. मग भोकावर घट्ट पट्टी बांधल्यावर अन्न आत टिकू लागले. महिने लोटले. हाडांचे तुकडे, कपड्यांच्या चिंध्या, छरे जखमेतून बाहेर पडत राहिले. बोमाँट रोज जखम धूत राहिला. पुढे भोवतालच्या प्रदेशाच्या अधिकाऱ्यांनी या निर्धन परक्याच्या पोषणाचा खर्च नाकारला आणि त्याला त्याच्या गावी, दीड-दोन हजार मैलांवर, उघड्या होडीतून धाडून देण्याचे ठरवले. त्या प्रवासात तो खात्रीने मेला असता. तेव्हा 1823 साली बोमाँटने त्याला आपल्या बिऱ्हाडी आणले. डॉक्टरचा पगार तुटपुंजा, नवा संसार, त्यात हा खाटेवरचा रोगी. दयाबुद्धीने केलेले हे कृत्य होते, यात मला शंका नाही. पुढे जे घडले त्याचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

जखम भरून आली, परंतु चमत्कारिक रीतीने. जठराच्या भोकाची कड छातीच्या त्वचेला चिकटली आणि आतले तोंड तसेच उघडे राहिले. ते बुजवण्याचे सारे उपाय थकले. कडा कापून टाके घालावेत, तर रोगी त्याला कबूल होईना, असे बोमाँटने लिहून ठेवले आहे. काही काळाने जठराच्या आतल्या अस्तराची एक घडी भोकावर झडपेसारखी येऊन बसली. आता पट्टीशिवाय अन्न आत राही, आणि बोटाने झडप आत सारली की जठराचा अंतर्भाग नजरेस पडे. जिवंत माणसाच्या जठराला निसर्गाने जणू खिडकी पाडून दिली होती, आणि तिच्याशी कोण येऊन बसला, तर रोज वही लिहिणारा मनुष्य!

1 ऑगस्ट 1825 रोजी दुपारी बारा वाजता बोमाँटने रेशमी दोऱ्याला थोड्याथोड्या अंतरावर खाद्यपदार्थांचे तुकडे बांधले. त्यांत मसालेदार शिजवलेले गोमांस, डुकराच्या मांसाची कच्ची खारवलेली चरबी, खारवलेले कच्चे गोमांस, खारवलेले उकडलेले गोमांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी होता. दोरा भोकातून आत सोडला आणि अलेक्सिसला घरच्या कामाला लावले. एक वाजता दोरा ओढून पाहिला, तेव्हा पाव आणि कोबी अर्धेअधिक विरले होते. मांस जसेच्या तसे होते. दोन वाजता पाव, कोबी, चरबी आणि उकडलेले मांस दोऱ्यावरून पार नाहीसे झाले होते. कच्चे मांस मात्र तेव्हाही बहुतेक शाबूत होते. एवढ्यात अलेक्सिसच्या पोटात दुखू लागले. दुखणे वाढल्यावर बोमाँटने रेचक गोळ्या त्याच्या तोंडात न देता सरळ त्या भोकातून जठरात टाकल्या!

सहा दिवसांनंतरचा प्रयोग मला याहूनही सुंदर वाटतो. सतरा तास उपाशी ठेवलेल्या अलेक्सिसच्या जठरात बोमाँटने प्रथम तापमापक घातला. पारा 100 अंश फॅरनहाइटवर थांबला. म्हणजे जठराग्नीची आच अंगाच्या उबेहून फारशी अधिक नव्हती! मग नळीने त्याने थोडा जठररस काढून घेतला. तो बाटलीत घालून त्यात उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकला आणि बाटली तेवढ्याच उबेच्या पाण्यात ठेवली. तसाच दुसरा तुकडा दोऱ्याला बांधून जठरात सोडला. जठरातला तुकडा दोन तासांत संपला. बाटलीतला तुकडाही चाळीस मिनिटांत कडांनी विरू लागला आणि रात्री नऊच्या सुमारास, दहा तासांनी, पुरता विरघळला. ना दळणे, ना शिजणे, ना आंबणे. पोटाबाहेर, काचेच्या बाटलीत अन्न पचले होते. वेळ अधिक लागला याचे कारण उघड आहे. जठर अन्नाला सारखे घुसळत असते आणि ताजा रस पुरवत असते. बाटलीला ते कोठून जमणार? हाच रस थंड ठेवला तर तो निष्क्रिय राहतो आणि ऊब दिली की पुन्हा कामाला लागतो, हेही बोमाँटने पुढे दाखवले. तेव्हा अग्नीची कल्पना करणारे आपले पूर्वज अगदीच चुकले होते असे नाही, ऊब तर लागतेच. मात्र मुख्य कार्य रसाचे.

त्या सप्टेंबरात अलेक्सिस न सांगता कॅनडाला निघून गेला. तेथे त्याने लग्न केले, त्याला मुले झाली. बोमाँटने चार वर्षे फर कंपनीच्या माणसांकरवी त्याचा शोध घेतला, आणि 1829 साली अलेक्सिस बायकामुलांसह मिसिसिपी नदीकाठच्या क्रॉफर्ड किल्ल्यात येऊन दाखल झाला. तेथे तो लाकडे फोडी, पाणी वाही, घरकाम करी, आणि बोलावले की झडप उघडून देण्यासाठी उताणा पडे. या दुसऱ्या पर्वात बोमाँटची नजर किती बारीक झाली होती पाहा. जठर रिकामे असताना त्याने त्याच्या अस्तराला स्वतःची जीभ लावून पाहिली. आंबट चव लागली नाही. अन्नाचा कण टेकताच फिक्या गुलाबी अस्तराचा रंग गडद होई, आणि घामाच्या थेंबांसारखे रसाचे बारीक बिंदू त्यावर उमटत. तेव्हा कोठे आंबटपणा लागे. म्हणजे रस आधीपासून साठून राहत नाही, अन्न आल्यावर तो सुटतो. ताप आला की अस्तर लाल आणि कोरडे पडे. अलेक्सिस चार दिवस दारूच्या नादी लागला की अस्तरावर चट्टे उठत, आणि नवल असे की त्याला स्वतःला काहीच जाणवत नसे. तो संतापला की पित्त जठरात उतरलेले दिसे. संतापाला कारणे पुष्कळ होती, हे मात्र बोमाँटच्या वहीत फारसे आढळत नाही.

1831 साली अलेक्सिस पुन्हा घरी गेला. पुढच्या वर्षी परत आला, तो करार होऊन. वर्षाला दीडशे डॉलर आणि अन्नवस्त्र; त्या मोबदल्यात त्याने डॉक्टर सांगेल तेथे राहावे आणि प्रयोगांसाठी आपले जठर उपलब्ध करून द्यावे. लिहिता येत नसल्याने त्याने सहीच्या जागी खूण केली. लष्कराच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख डॉ. लव्हेल यांनी त्याला सैन्यात हुद्दाही देवविला. खर्च भागवण्याची ती एक युक्ती होती.

जठररसात असते तरी काय, हे ठरवणे रसायनाचे शिक्षण नसलेल्या बोमाँटच्या आवाक्याबाहेर होते. त्याने रसाच्या बाटल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील डंग्लिसन आणि येल येथील सिलिमन या प्राध्यापकांकडे पाठवल्या. त्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल निश्चितपणे आढळले. त्याखेरीज आणखी काहीतरी पाचक द्रव्य असले पाहिजे, हे नुसत्या आम्लाने मांस नीट विरत नाही यावरून ध्यानी येत होते. ते द्रव्य म्हणजे पेप्सीन, आणि ते 1836 साली जर्मनीत श्वान याने शोधून काढले.

1833 साली प्लॅट्सबर्ग या लहान गावी बोमाँटचा ग्रंथ छापून निघाला. त्यात दोनशेहून अधिक प्रयोगांच्या नोंदी आणि शेवटी एक्कावन्न निष्कर्ष आहेत. कोणते अन्न जठरात किती वेळ राहते याचे त्यात एक कोष्टक आहे. उकडलेला भात एक तास, डुकराचे भाजलेले मांस सव्वापाच तास. भात खाणारे आपण गोवेकर हे वाचून खूश होऊ; पण सावध राहावे. तो काळ भात पचून जाण्याचा नसून जठरातून पुढे सरकण्याचा आहे. भातातील पिष्टाचे पचन तोंडात लाळेने सुरू होते आणि पुरे होते ते लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने. पचनाचे मोठे काम आणि अन्नरसाचे शोषण त्या सुमारे सहा मीटर लांबीच्या आतड्यातच चालते; बोमाँटच्या खिडकीतून दिसत होते ते घराचे एकच दालन. लाळेत पाचक शक्ती नाही, असे त्याने ठरवून टाकले, तेही चुकीचे. पण त्याने जे स्वतः पाहिले त्यातले बहुतेक आजही उभे आहे. पुढे रशियात पाव्हलॉव्हने कुत्र्यांच्या जठराला मुद्दाम अशीच द्वारे पाडून पचनाचा अभ्यास केला आणि 1904 चे नोबेल पारितोषिक मिळवले. आज आपल्या गावचा डॉक्टर दुर्बीण घालून पाऊण घटकेत जठर पाहून घेतो.

आता त्या दोघांच्या नात्याविषयी. बोमाँटने अलेक्सिसचा जीव वाचवला, हे निर्विवाद आहे. त्याच अलेक्सिसला त्याने तासन् तास उपाशी ठेवले, उताणे पाडले, पोटात नळ्या घातल्या. रोगी, नोकर आणि प्रयोगाचे साधन यांतला तो नेमका कोण, हे बहुधा त्या दोघांनाही सांगता आले नसते. बोमाँट आपल्या पत्रांतून त्याच्या हट्टीपणाची आणि कृतघ्नपणाची तक्रार करतो. ती वाचली की मला डॉक्टरची थोडी चीड येते. ज्याला बायकापोरे सांभाळायची आहेत, ज्याला आपल्या शरीराकडे लोकांनी टकमक पाहिलेले सोसायचे आहे, त्याने किती काळ कृतज्ञ राहावे? आणि तरीही, त्या तक्रारखोर डॉक्टराने पदरचे पैसे खर्चून, पुस्तके आणि प्रयोगशाळा यांच्यापासून दूर, बर्फाच्छादित किल्ल्यांत बसून जे लिहिले ते खरे लिहिले. जेथे समजले नाही तेथे कल्पनेची भर घातली नाही.

1834 साली अलेक्सिस कॅनडात गेला तो कायमचा. पुढची जवळजवळ वीस वर्षे बोमाँट त्याला पत्रे पाठवीत राहिला, पगार वाढवून देऊ म्हणाला. अलेक्सिस कधी होकार कळवी, कधी अधिक पैसे मागे. आला मात्र नाही. दरम्यान बोमाँट सेंट लुई शहरी स्थिरावला होता. लष्कर सोडून त्याने तेथे व्यवसाय केला आणि नावलौकिक मिळवला. 1853 च्या मार्चमध्ये एका रोग्याला पाहून परतताना बर्फाळ पायऱ्यांवरून तो घसरून पडला. डोक्याला मार लागला, आणि 25 एप्रिल रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

छत्तीस तासांचा पाहुणा समजला गेलेला अलेक्सिस त्याच्यानंतर आणखी सत्तावीस वर्षे जगला. पोटाचे भोक तसेच होते. तो क्वेबेक प्रांतात शेती करी, लाकडे तोडी. 24 जून 1880 रोजी तो वारला, तेव्हा माँट्रियलचे सुप्रसिद्ध डॉ. विल्यम ऑस्लर यांनी त्याचे जठर अभ्यासासाठी मिळावे म्हणून खटपट केली. घरच्यांनी ठाम नकार दिला. कोणा डॉक्टरला त्याचा उपयोग होऊ नये म्हणून त्यांनी ऐन उन्हाळ्यात प्रेत चार दिवस घरी ठेवले. दुर्गंधीमुळे अंत्यविधीच्या वेळी ते चर्चच्या आत नेता आले नाही, बाहेरच ठेवावे लागले. मग रात्री कोणी उकरून नेऊ नये म्हणून आठ फूट खोल खड्डा खणून त्याला पुरले. कबरीवर नाव घातले नव्हते. 1962 साली कॅनडातील शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या संस्थेने तेथे त्याच्या नावाची एक पाटी लावली.